महिन्याला किती बसतं?

"किंमत राहू द्या हो मॅडम, महिन्याला किती बसतं ते बोला."

शोरूममधला मुलगा तेवीस-चोवीसचा असेल. मी टेबलाखाली वाकून पायाचा जोड चाचपत होते, नुसता स्क्रूवर आहे की लाकडात लाकूड बसवलेली कूस आत आहे ते बघत. किंमत विचारायची माझी ही तिसरी वेळ, आणि तिसऱ्यांदाही त्याने आकडा सांगितला तो महिन्याचाच. "फक्त तीन हजार. बारा महिने. नो-कॉस्ट आहे." वर एसीची झुळूक, नव्या पॉलिशचा डोक्यात जाणारा वास, प्रत्येक टेबलावर खोटी लिंबं भरलेला काचेचा वाडगा. मुलगा वाईट नव्हता. उलट मी गुडघ्यावर बसलेली पाहून त्याने चटकन स्टूल पुढे केलं. पण 'किती बसतं' हे त्याचे शब्द घरी येईपर्यंत चपलेत शिरलेल्या खड्यासारखे टोचत राहिले. कारण आमच्या घरातला प्रश्न नेमका बसण्याचाच होता.

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं. डॉक्टरांनी सांगितलं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर तर नाहीच नाही. कराडचं घर वरच्या मजल्यावर, जिना दगडी आणि उभा. म्हणून ती आमच्याकडे डोंबिवलीला आली, आणि आता इथंच राहील असं कोणी न बोलता ठरून गेलं. आमच्या घरात जेवणाचं टेबल कधी नव्हतं. फ्लॅट घेतला तेव्हा पैसे संपले होते, नंतर सवय झाली. हॉलमध्ये सतरंजी अंथरायची, मध्ये भांडी मांडायची, जेवण झालं की गुंडाळून पलंगाखाली. आई आल्यापासून तिचं ताट मात्र आतल्या खोलीत जातं. पलंगाच्या कडेला ती बसते, समोर प्लास्टिकचं स्टूल, स्टुलावर ताट. आम्ही तिघं बाहेर. भिंतीपलीकडून तिच्या चमच्याचा आवाज येतो. आयुष्यभर ती हातानेच जेवत आली. पण स्टूल बुटकं, वाकावं लागतं, घास सांडतो, म्हणून चमचा. एकदा आमटी वाढायला आत गेले तर तिने ताट भिंतीकडे वळवलं होतं. म्हणाली, इकडून उजेड बरा येतो.

तर टेबल हवं होतं, याबद्दल वाद नव्हता. शोरूमला जायच्या आदल्या रात्री नवऱ्याने मुलाच्या कंपासमधला खडू घेऊन हॉलच्या फरशीवर चार फूट बाय अडीच फूट चौकोन आखला होता, बाल्कनीचं दार उघडतं का ते बघायला. दार उघडत होतं, जेमतेम. चौकोन पुसायचा राहून गेला.

चार खुर्च्यांसकट शिसवी लाकडाचा तो सेट, हप्त्याने ३६,००० रुपये. मी हट्टाला पेटून मॅनेजरला गाठलं आणि रोख दिले तर किती म्हणून विचारलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, ३३,०००. घरी आल्यावर एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मी गणित मांडलं. रोखीत ३३,००० ला मिळणारी वस्तू हप्त्याने ३६,००० ला. शिवाय प्रोसेसिंग फी ५९९, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०७. एकूण जास्तीचे ३,७०७. बारा महिन्यांत दर महिन्याला मुद्दल फिटत जाणार, म्हणजे पूर्ण रक्कम काही वर्षभर माझ्याकडे राहणार नाही. ते धरून हिशोब केला तर व्याज पडतं वर्षाला वीस टक्क्यांच्या वर. नो-कॉस्ट! सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डावरच्या अशा हप्त्यांबद्दल बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही, ते व्याज बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीमध्ये लपवून ग्राहकाच्या माथी मारलं जातं. त्यानंतर शब्द तेवढा बदलला, शून्य टक्क्याचं नो-कॉस्ट झालं. ऑक्टोबर २०२४ पासून तर बँका आणि फायनान्स कंपन्यांना सगळा खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो ते कर्ज घेणाऱ्याला आधीच कागदावर दाखवावं लागतं. काउंटरवरच्या मुलीने मलाही ते पान दाखवलं असावं. टॅबवर अंगठ्याच्या एका झटक्यात बरंच काही वर सरकलेलं मी पाहिलं, आणि मग तिने ओटीपी विचारला.

मी ओटीपी दिला नाही. "घरी विचारून सांगते" म्हटलं. चाळिशी उलटलेली बाई, शेजारी नवरा उभा, आणि मी घरी विचारणार होते.

लग्नपत्रिका मी विजयी मुद्रेने नवऱ्यापुढे सरकवली. तो बँकेत नाही, पण आकड्यांना घाबरत नाही. त्याने शांतपणे सगळं वाचलं. "बरोबर आहे," म्हणाला, "वीस टक्के. पण वीस टक्के म्हणजे शेवटी रुपये किती? तीन हजार सातशे. बाराने भाग. महिन्याला तीनशे दहा. तेवढ्यात आई उद्यापासून आपल्याबरोबर जेवायला बसतात. तू साठवायचं म्हणतेस, ते अकरा महिने. अकरा महिने त्यांनी भिंतीकडे तोंड करून जेवायचं? कोणतं महाग?"

म्हणजे ताट वळवलेलं त्यानेही पाहिलं होतं.

मला उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही सुचलेलं नाही. ज्या घरात उभं राहून मी हे तत्त्वाचं भांडण करत होते ते घरच वीस वर्षांच्या कर्जावर आहे. त्यातली आठ फिटली, बारा राहिली. पायाखालची फरशी बँकेची, डोक्यावरचा स्लॅब बँकेचा, आणि मी टेबल रोखीने घ्यायचं म्हणून अडून बसलेली. पण घराचा हप्ता निघाला की पाच तारखेला जो मेसेज येतो, तो वाचताना पोटात बारीक काहीतरी खाली सरकतं. पाच तारखेला आणखी एक मेसेज यायला लागावा, असं मला वाटत नव्हतं. याला अर्थशास्त्र म्हणत नाहीत, कळतं मला.

मला वाटायचं, हे मी आईकडून उचललंय. "आम्ही कधी कुणाचं कर्ज केलं नाही," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. मिक्सर घरात आला तो पोस्टाच्या आरडीतून. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एजंट बाई दारात यायच्या, उन्हाने लाल झालेल्या, खांद्याला रेक्झिनची पर्स. आई डाळीच्या डब्यातून वीस रुपये काढून द्यायची आणि त्या बाई बसल्या बसल्या पाणी पिऊन, पुस्तकावर काहीतरी टिपून जायच्या. पाच वर्षं. आरडी सुरू झाली तेव्हा मी दुसरीत होते, मिक्सर आला तेव्हा सातवीत. त्या पाच वर्षांतल्या चटण्या पाट्यावर वाटल्या गेल्या, त्या कुठल्याच हिशोबात धरलेल्या नाहीत.

आणि भिशी. आळीतल्या दहा बायका, पन्नास पन्नास रुपये, स्टीलच्या वाटीत दहा चिठ्ठ्या. लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढायची असा नियम असल्यामुळे पुष्कळदा तो हात माझा असायचा. चिठ्ठी उलगडताना सगळ्या बायका एकदम गप्प व्हायच्या, तेव्हाची ती खोबरेल तेल आणि भिजल्या शेंगदाण्यांच्या वासाची शांतता मला अजून आठवते. भिशी ही बचत असते असं आम्ही सगळेच समजायचो. पण नीट बघितलं तर जिला पहिली चिठ्ठी लागली तिला नऊ जणींनी कर्ज दिलं, आणि जिला शेवटची लागली तिने नऊ जणींपाशी पैसे साठवले. तीच वाटी, त्याच बायका, तेवढेच पाचशे रुपये. कर्जदार कोण आणि काटकसरी कोण, हे एका सात वर्षांच्या पोरीचं बोट ठरवत होतं. (पाचव्या नंबरवालीला काय म्हणायचं, देव जाणे.) आई मात्र चिठ्ठ्या टाकायच्या आधीच शेवटचा नंबर मागून घ्यायची. "पैसे आधी हातात आले की पुढचे महिने भरताना जीव जातो," म्हणायची.

असं सगळं असताना मे महिन्यात आम्ही कराडचं घर आवरायला गेलो आणि गोदरेजचं कपाट रिकामं केलं.

हे कपाट म्हणजे आमच्या घरातला पाचवा माणूस. पोपटी म्हणता येणार नाही आणि राखाडीही नाही असा त्याचा रंग, आणि मूठ फिरवल्यावर आतून येणारा तो 'खटाक' आवाज. माझे वडील, अण्णा, शाळेत शिकवून आले की पहिल्यांदा तो आवाज व्हायचा, मग चहाच्या कपाचा. १९८६ साली ते आलं तेव्हा हातगाडीवरून चौघांनी उतरवलं होतं, आईने दारावर कुंकवाने स्वस्तिक काढलं होतं आणि नारळ मात्र अण्णांनी कपाटावर न फोडता उंबऱ्यावर फोडला, पोचा पडेल म्हणून. आतल्या लॉकरमध्ये अण्णांची फाइल निघाली. सुतळीने बांधलेली पगारपत्रकं, वर्षवार. अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली, पण अक्षर बघितल्यावर माणूस आत्ता खडू पुसून वर्गातून येईल असं वाटतं. मी सहज चाळत बसले. भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर, आणि त्याखाली: सोसायटी, १५७. पुढच्या महिन्यात १५६. मग १५५. असं एक-एक, दीड-दीड रुपयाने उतरत चाललेलं. फाइलच्या तळाशी शिक्षकांच्या पतसंस्थेचा कागद होता. कर्ज रुपये ३,०००. परतफेड २४ हप्ते. कारण: गृहोपयोगी वस्तू.

"आई, कपाट कर्जाने घेतलं होतं?"

आई पलंगावर पाय लांब करून जुनी वर्तमानपत्रं वेगळी काढत होती. तिने वरही बघितलं नाही. "छे. कर्ज कुठलं. सोसायटी होती ती."

मी हसले, पण ती हसली नाही. तिच्या डोक्यात हे दोन शब्द खरोखरच दोन वेगळ्या खणांत होते. कर्ज म्हणजे सावकार, दारात उभा राहणारा माणूस, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा आवाज. सोसायटी म्हणजे पगार हातात यायच्या आधीच निघून गेलेली रक्कम. हातात आलीच नाही, म्हणजे गेलीही नाही. "सोसायटी कापून किती?" असंच तर आमच्याकडे सगळे शिक्षक एकमेकांना विचारायचे. मग हळूहळू तिने सांगितलं. धाकट्या मावशीच्या लग्नाला जायचं म्हणून पत्र्याच्या ट्रंकेतून शालू काढला तर घडीघडीवर कसर लागलेली. हात लावला की जर सुटून येत होती. त्या रात्री तिने अण्णांना सांगितलं, मला कपाट पाहिजे. साठवून घेऊ म्हणाले. ती म्हणाली, साठवेपर्यंत बाकीच्या साड्या जातील. पुढच्या सोमवारी अण्णांनी अर्ज भरला.

म्हणजे थांबायला तयार नसलेली माझी आईच होती.

मग ते शेवटचा नंबर मागून घेणं कुठून आलं? तेही फाइलीतच होतं, दोन-चार वर्षं पुढे. सोसायटीच्या कर्जाला दोन जामीनदार लागत, आणि जामीन राहणारे सहकारी शिक्षकच. अण्णांना चित्रकलेचे आणि गणिताचे सर जामीन राहिले. अण्णा आणखी तिघांना. सगळी शिक्षकखोली एकमेकांच्या सह्यांनी शिवलेली होती. कपाट आलं त्या संध्याकाळी हे दोघे सर ते बघायला आले, मूठ फिरवून बघितली, पोहे खाल्ले. आपण कशासाठी जामीन राहिलो ती वस्तू त्यांनी हाताने चाचपून पाहिली. पण अण्णा ज्यांना जामीन होते त्यातले एक सर नोकरी सोडून गाव सोडून गेले, आणि आठ महिने अण्णांच्या पगारातून त्यांचा हप्ता कापला गेला. पगारपत्रकावर त्याचं वेगळं काही लिहिलेलं नाही, फक्त सोसायटीचा आकडा अचानक मोठा झालेला दिसतो. आईला हे सहाव्या महिन्यात कळलं. "त्या सरांची बायको आपल्या भिशीत होती," आई म्हणाली, "पहिली चिठ्ठी तिची होती." आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधायला सुतळी मागितली.

आता जामीन मागत नाहीत. जामीन आहे तो क्रेडिट स्कोअर नावाचा तीनशे ते नऊशेमधला एक आकडा, आणि तो मोबाइलवर दिसतो. माझा बरा आहे म्हणे. शोरूमच्या काउंटरवरच्या मुलीने तो बघितला आणि "अरे वा मॅडम" म्हणाली, तेव्हा मला वर्गात पहिली आल्यासारखं किंचित बरं वाटलं, हे कबूल करते. मी उद्या बुडवलं तर कुठल्या चित्रकलेच्या सरांचा पगार कापला जाणार नाही, हे चांगलंच आहे. पण माझं टेबल बघायला, पोहे खायलाही कोणी येणार नाही. हप्ता या शब्दात मुळात आठवडा आहे, फारसीतल्या सातापासून आलेला. गिरणगावात पठाण व्याज मागायला चाळीच्या जिन्यात उभा असायचा. पुढे तोच शब्द गल्लीतल्या दादांनी उचलला. इतकं सगळं त्या शब्दाला चिकटलेलं, म्हणूनच बहुधा शोरूममध्ये कोणी हप्ता म्हणत नाही. ईएमआय म्हणतात. ईएमआय कोणाच्या जिन्यात उभा राहत नाही.

वाद आठवडाभर धुमसत राहिला. एका रात्री आतून आईचा आवाज आला, "मला कोणी विचारणार आहे का?" आम्ही दोघं आत गेलो. तिने ताट बाजूला सारलं. "खाली बसता येत नाही म्हणून टेबल घेताय. उद्या चालता येत नाही म्हणून काय घ्याल? एक खुर्ची आणा. हाताची. उठताना धरायला. टेबलाचं तुमचं तुम्ही बघा, सावकाश." नवरा म्हणाला, "आई, तुम्ही आमच्यासाठी म्हणताय." ती म्हणाली, "मग कोणासाठी म्हणू?"

तिने हे मनापासून म्हटलं की माझा महिना वाचवायला, ते मला कळलं नाही. साड्यांसाठी न थांबलेली बाई गुडघ्यासाठी थांबायला तयार झाली, यात माझा विजय आहे असं मला एक क्षणही वाटलं नाही.

रविवारी आम्ही उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो. कल्याणला गाडी बदलून. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या बराकींत आणून ठेवलेल्या सिंधी माणसांनी उभं केलेलं हे गाव. तिथं दुकानदाराशी व्याजाबद्दल बोलायला गेलं की तो तुमच्यापेक्षा वेगाने हिशोब करतो. फुटपाथवर भुसा, नाकात थिनर, कुठेतरी रंधा चालल्याचा आवाज. दुकानदार पांढऱ्या मिशांचे, गल्ल्याशेजारी चहा. मी आईच्या गुडघ्याचं सांगितलं तसे ते उठले, स्वतः एका खुर्चीत बसून, हातांवर भार देऊन, दोनदा उठून दाखवलं. "बेहेनजी, ऊँचाई देखो. अठरा इंच. नीचे वाली मत लेना." सागवानी, हाताची, ३,२०० रुपये, रोख. घासाघीस करून शंभर कमी. टेबलाचं विचारलं तेव्हा म्हणाले, अर्धे आत्ता द्या, अर्धे माल पोचल्यावर, नाहीतर दोन महिन्यांनी. लिहून देऊ का विचारलं तर हात हलवून नको म्हणाले. त्या क्षणी मी जवळजवळ हो म्हणणार होते. मग आठवलं, दुसरे अर्धे तरी माझ्याकडे कुठं आहेत.

खुर्ची लोकलमध्ये चढवणं शक्य नव्हतं. टेम्पोचे सहाशे गेले, ते माझ्या लग्नपत्रिकेवरच्या गणितात नव्हते.

सोमवारी बँकेत आरडी उघडली, ३,००० रुपये, अकरा महिने. तारीख मुद्दाम पाच टाकली. पाच तारखेला आता दोन मेसेज येतातच, मी टाळत होते तेवढेच. अकरा महिन्यांनी हजाराच्या आसपास व्याज मिळेल. टेबलाची किंमत तोवर तिथंच थांबून राहील का, असं नवऱ्याने एकदाच विचारलं, नंतर विचारलं नाही. चार महिने झाले. आई दर पाच तारखेला विचारते, किती झाले? परवा "बारा" म्हटलं तर म्हणाली, "कपाट आलं तेव्हा शेवटचे बारा हप्ते पटापट गेले होते. पहिले बारा जात नव्हते."

खुर्ची आली त्या रात्री आईला बाहेर बसवलं. ती खुर्चीत, आम्ही सतरंजीवर. दोन घास झाल्यावर ती थांबली. "मी वर आणि जावई खाली. बरं दिसत नाही." नवऱ्याने, बरं दिसतं, देवीसारखं दिसतं, वगैरे बोलून बघितलं. तिचं ताट मांडीवर, आणि आमची डोकी तिच्या गुडघ्याच्या उंचीला. वाढायला मी दर वेळी उठायचं, तिने दर वेळी "राहू दे" म्हणायचं. पण चमचा गेला. ती पुन्हा हाताने जेवायला लागली.

खडूचा चौकोन अजून आहे. फरशी पुसायला येणाऱ्या मावशी तो रोज पुसतात आणि संध्याकाळी मुलगा तो पुन्हा आखतो, आता सरावाने फूटपट्टीही लागत नाही. गंमत म्हणजे आम्ही त्याला वळसा घालून चालायला लागलोय. पाहुणे आले की ते सरळ चौकोनातून जातात आणि आम्ही तिघं-चौघं एकदम दचकतो. आईची खुर्ची चौकोनाच्या एका टोकाला असते. सतरंजी अंथरायला हॉलमध्ये दुसरी जागाच नाही, त्यामुळे ती चौकोनाच्या आत पडते आणि आम्ही तिच्यावर बसतो.

काल जेवताना मुलगा वैतागून पाय लांब करून बसला. आईने कढीचा भुरका थांबवून त्याच्याकडे बघितलं.

"पाय आवर," ती म्हणाली, "टेबलावर पाय ठेवतात का?"